जुगारात जिंकलेल्या पैशावर शेतकऱ्याला कर नाही? खुलासा

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर पोळ्यापासून एक मेसेज फिरतोय: ‘शेतकऱ्याला आयकर नसतो. त्यामुळे लॉटरी, पत्ते, सट्टा यांत जिंकलेलंही करमुक्त. धंदा म्हणून खेळत असाल तर हरलेले पैसे वजा करा. 12 लाखांच्या आत तर प्रश्नच नाही.’

तिन्ही गोष्टी चूक.

माफी शेतीच्या उत्पन्नाला आहे, सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला नाही. कापूस विकून आलेला पैसा वेगळा, डावात आलेला वेगळा. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. एक लाखाची लॉटरी लागली तर 30,000 आधीच कापून 70,000 हातात येतात आणि विवरणपत्र भरताना उपकराचे आणखी 1,200 द्यावे लागतात. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर न लागण्याची जी सवलत आहे, ती या कमाईला लागू नाही, त्यामुळे ‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला फी देऊ नका.

रोज खेळणाऱ्यालाही तोच दर. तिकिटांचा खर्च, हरलेले डाव, काहीच वजा होत नाही. ब्रिटनमध्ये जुगाऱ्याच्या जिंकण्यावर कर नाही हे खरं, पण तो कायदा तिकडचा. घाटंजीत चालत नाही.

आणि हो, कर भरला म्हणून सट्टा कायदेशीर होत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. मेसेजवाल्याने तेवढं सोयीस्कर गाळलं.