पाठपोट काढू का?

६४ रुपये. काल दुपारपासून हे ६४ रुपये डोक्यात बसलेत आणि उतरायला तयार नाहीत.

मी कॉलेजात शिकवतो आणि उरलेल्या वेळात प्रायव्हसीवर संशोधन करतो, म्हणजे करायचा प्रयत्न करतो, म्हणजे खरं सांगायचं तर त्यासाठी पैसे मागत फिरतो. अॅप म्हणतं ‘आम्ही तुमचं लोकेशन कुणाला देत नाही’, तर ते खरं बोलतंय का हे त्याचा कोड वाचून तपासायचं, आणि ते माणसाने नाही, प्रोग्रामने. दीड वर्ष पायऱ्या झिजवल्यावर ग्रँट मंजूर झाली. कागदपत्रांत आधारची प्रत मागितली होती, मी शहाण्यासारखी मास्क्ड आधारची जोडली, पहिले आठ आकडे झाकलेले, ही सोय खुद्द आधारवाल्यांचीच आहे. फाइल परत आली. लाल पेनने शेरा: ‘आकडे अपूर्ण. स्पष्ट प्रत जोडावी.’

म्हणून झेरॉक्स.

सबमिशनचे दिवस, दुकानात जर्नलवाल्या पोरांची ही गर्दी. काका म्हणाले, “व्हॉट्सअॅप करा सर, लगेच काढतो.” म्हणलं नको, ओरिजिनल आणलंय. “ओरिजिनल कशाला फिरवता, हरवेल की,” असं म्हणत त्यांनी कार्ड घेतलं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वॉलपेपर कुठला आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही, कारण वरपासून खालपर्यंत नुसत्या फाइली. ‘आधार फायनल’, ‘आधार फायनल खरं’, ‘पॅन मॅडम’, ‘पॅन मॅडमचे मिस्टर’.

आता काकांना एक सवय आहे, हातात आलेला कागद ते वाचतात. मोठ्याने.

“सत्याहत्तरचा जन्म? वाटत नाही हो सर.” मागून कुणीतरी म्हणालं, “केस बघा की.” हसले सगळे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माझ्यामागे लाइनीत पण नऊच जण होते आणि त्यांचंही एकमत झालं की मी सत्याहत्तरचाच दिसतो.

मग कॅन्सल्ड चेक. “अरे वा, तुमचं पण खातं तिथेच? पासबुकचं मशीन चालू झालं का?” मग पत्ता. “ती सोसायटी? पाण्याचा प्रॉब्लेम आहे ना तिथे?” मग आली सॅलरी स्लिप. ती घेऊन काका गप्प झाले. एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. आकडा काही बोलले नाहीत, उलट आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “सर, हे एक पान राहू द्या. ह्याचे नाही घेत.”

लाइनीतल्या नऊच्या नऊ जणांना माझा पगार कळला.

ह्याला आमच्यात इम्प्लिसिट फ्लो म्हणतात, म्हणजे आकडा न सांगता झालेली गळती, आणि माझ्या अख्ख्या प्रकल्पाचा जीव त्यात अडकलाय. साधी गळती शोधणं त्यामानाने सोपं. आमच्या वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळत होतं तेव्हा प्लंबरने वर रंग ओतला, दोन दिवसांनी आमच्या छताला गुलाबी डाग (वरचे अजून म्हणतात आमचं नाही). टेंट अॅनालिसिस म्हणजे हेच (टेंट म्हणजे डाग), माहितीला रंग लावायचा आणि कुठे फुटते ते बघायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टेंटड्रॉइड नावाचं असंच हत्यार केलं, ३० लोकप्रिय अॅप्स चालवून बघितली, त्यातली १५ लोकेशन जाहिरातवाल्यांना पोचवत होती. पण समजा कोडमध्ये लिहिलंय, पगार लाखाच्या वर असेल तर गाडीची जाहिरात दाखव नाहीतर चपलांची, तर पगाराचा आकडा कुठेच गेला नाही, रंग कुठेच लागला नाही, आणि चपला बघून जगाला काय ते कळलं. काकांचं ते सोडलेलं पान म्हणजे माझ्या चपला.

हे सगळं मी ग्रँटच्या कमिटीपुढे सांगितलं होतं. पहिला प्रश्न: “यात एआय कुठाय?” दुसरा: “१०० टक्के हमी का देत नाही?” आता कुठल्याही प्रोग्रामच्या वागण्याबद्दल दरवेळी अचूक उत्तर देणारा प्रोग्राम बनूच शकत नाही हे राइस नावाच्या माणसाने १९५३ मध्येच सिद्ध करून ठेवलंय, आपण फार तर खोट्या घंटा जास्त वाजवून सावध बाजूला राहू शकतो. हेही सांगितलं. मिनिट्समध्ये आलं, ‘संशोधकांना स्वतःच खात्री नाही.’

तिकडे अमेरिकेत २०१५ ला चक्क लष्कराच्या डार्पा या संशोधन संस्थेने प्रायव्हसीच्या तंत्रज्ञानासाठी वेगळा कार्यक्रम काढला. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झाला, २५० कोटींपर्यंत दंड आहे त्यात. छान आहे. पण कोडमधली चोरी पकडायची कुणी? मला सर्व्हर घ्यायला पैसे मिळाले, माणसं मात्र दोनाची एक केली. तो एकजण म्हणजे जेआरएफ, ज्युनिअर रिसर्च फेलो, महिना ३७,००० आणि घरभाडं, तेही येईल तेव्हा. पोरगा हुशार होता, पाच महिने पैशांची वाट बघून गेला, आणि जिथे गेलाय ती कंपनी ज्या जातीची अॅप्स बनवते तीच आम्ही तपासणार होतो. जाताना पाया पडला. सर्व्हर आहे, त्याच्यावर कव्हर घालून ठेवलंय.

असो. काकांकडे येतो. मी जरा मास्तरकी केली, “काका, लोकांच्या ह्या फाइली डिलीट करता का?”

“करतो ना. जागा संपली की.”

“अहो पण कुणी गैरवापर केला तर?”

“सर, मागच्या महिन्यात एक मुलगी रडत आली, आधार हरवलं, उद्या परीक्षा. मी इथूनच काढून दिलं. आता बोला.” मला काही बोलता आलं नाही. “आणि मला काय करायचंय लोकांच्या आधारचं, माझं स्वतःचं सापडत नाहीये!”

२०२२ च्या मे महिन्यात आधारच्याच एका कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स कुणालाही देत बसू नका. दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. मला वाटतं त्यांनी बरोबर अर्थ काढला असता.

३३ पानांचे ६६, एक पान सोडलं, ६४. बिल मागितलं तर काकांनी शेजारच्या खराब झेरॉक्सांच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला, अर्धा फाडला, कोऱ्या बाजूवर ६४ लिहून शिक्का मारला. उलटून बघितलं तर कुणाचं तरी रेशनकार्ड, कुटुंबातल्या पाच जणांची नावं वयासकट. तेव्हा माझी ट्यूब पेटली, माझी पहिली प्रत काळी आली होती, ती कुठाय?

“ती होय? मघाशी त्या पोराला हिशोब करून दिला त्याच्यावर.”

कुठला पोरगा, लाइनीत सगळे सारखेच दिसत होते.

आज सकाळी ६४ रुपये ग्रँटच्या कंटिन्जन्सीतून, म्हणजे किरकोळ खर्चातून, मिळावेत म्हणून बिल अकाउंट्सला दिलं. मॅडमनी बिल उलटं केलं, चष्मा वर केला.

“सर, मागे ही पाच नावं कुणाची?”

“माहीत नाही.”

“मग कुटुंबप्रमुखाची सही आणा, नाहीतर कोरं बिल आणा.” आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, “आणि दोन प्रती लागतील हं. पाठपोट.”