होडीवरची बुरशी ब्लीचने जात नाही

खडकवासल्याला होडी नेणाऱ्या आमच्या मंडळींच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पावसाळ्यात ठेवलेल्या होडीची बुरशी घालवण्याचा रामबाण उपाय. ब्लीच मारा, व्हिनेगर मिसळलंत तर दुप्पट गुण. मग ताडपत्रीत हवाबंद गुंडाळा. आत जाड्या मिठाच्या पुरचुंड्या आणि कापूर ठेवा, एक बल्ब चालू ठेवा. चार महिने बघायला नको.’ मला तो तिघांनी पाठवला आणि त्यातल्या एकाने ब्लीचचे कॅनही आणलेत. म्हणून लिहितोय.

सगळ्यात धोक्याचं आधी. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पालथ्या होडीखाली डोकं घालून घासणाऱ्या माणसाच्या तो थेट छातीत जाईल. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर हे वाक्य तरी कृपा करून काढा.

नुसतं ब्लीच? फायबरच्या गुळगुळीत अंगावरचा डाग त्याने निघतो, हे खरं. लाकडाचं तसं नाही. ब्लीचचा जोर वरच्या थरातच संपतो आणि त्यातलं पाणी तेवढं आत मुरतं. बुरशीचे धागे आतच असतात, त्यांना आयतं पाणी मिळतं. वरून फळी पांढरी दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. शिवाय ब्लीच लागलं की नायलॉनचे दोर कमजोर पडतात. त्यापेक्षा साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. कोरडी बुरशी खरवडू नका, बीजाणू उडतात. तोंडाला एन ९५ मास्क हवाच. उघड्या लाकडाला बोरॅक्सचं पाणी चांगलं, पण ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून लाकूड पूर्ण वाळल्यावर वरून व्हार्निश लागतंच.

आता ताडपत्री. माझी चौदा फुटी लाकडी होडी सिंहगड रोडला घरामागे असते. एका जूनमध्ये मीही ती अशीच करकचून बांधली होती. दसऱ्याला सोडली तेव्हा कुबट वासाने मागे सरलो आणि मागच्या आडव्या फळीत दाभण लोण्यात शिरावं तसं शिरलं. पाऊस आत गेलाच नव्हता. ओल खालच्या मातीतून वाफ होऊन वर येत होती, रात्री गार पडलेल्या ताडपत्रीला आतून थेंब धरत होते आणि ते परत होडीवर ठिबकत होते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते कुजत नाही. हवाबंद गुंडाळीत ती तिथे राहूच शकत नाही. तेव्हापासून होडी घोडीवर पालथी असते, जमिनीपासून दोन फूट वर. वर आडवा बांबू आणि बांबूवर ताडपत्री, दोन्ही बाजूंना हातभर मोकळी. बूच काढलेलं, हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडी. लाइफ जॅकेट आणि शीड घरात टांगलेलं, घडी घालून नाही.

‘कोकणात तर होड्या नुसत्या झापांखाली ठेवतात, त्यांना काही होत नाही,’ असंही कुणी म्हणालं. त्या लाकडात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं आणि कुजवणारी बुरशी मिठात सहज वाढत नाही. आपलं धरणाचं पाणी गोडं. तिथला अनुभव इथे तसाच लावता येणार नाही.

मग पुरचुंडीतलं मीठ का नको? हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढतं, आणि जुलैत पुण्यात ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मोकळ्या हवेतली ओल मूठभर मिठाने संपत नाही. पुरचुंडी मात्र पाझरते आणि ते खारं पाणी स्क्रू, बिजागऱ्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खातं. कापूर कीटकांना दूर ठेवेल, ओल शोषणार नाही. बल्बने आतली हवा तापते, पण गुंडाळीतली वाफ आतच राहते आणि गार भागावर जाऊन बसते. वर पावसात वायर आणि ताडपत्रीला टेकलेला गरम बल्ब. तो प्रयोग नकोच.

ज्यांनी आधीच गुंडाळली आहे त्यांनी येत्या रविवारी सोडा. धातूच्या पट्ट्यांखाली, स्क्रूच्या भोकांपाशी आणि फळ्यांच्या टोकांना दाभणाने टोचून बघा, कूज तिथूनच सुरू होते. फायबरच्या होडीत आत प्लायवूड असेल तर बोटाच्या पेराने ठोकत जा. खणखणीत आवाज येतो तिथे ठीक, आणि बद्द वाजेल तिथे खडूने खूण करून सुताराला दाखवा, त्यावर रंग मारू नका.