वाळलेली कारवी पावसापूर्वी का तोडू नये

नमस्कार.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर दाट वाढणाऱ्या कारवी या झुडपावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की २०२४ च्या बहरानंतर येऊरचे उतार वाळून गेले आहेत, या काड्या म्हणजे वणव्याला आयते सरपण आहे आणि कारवीच्या दाटीखाली झाडांची रोपे वाढत नाहीत. तेव्हा पावसापूर्वी ती साफ करून तेथे भराभर वाढणारी झाडे लावावीत. शिवाय आठ वर्षांचे गणितही खरे नाही, कारण आपण घाटमाथ्यावर मधल्याच एका वर्षी कारवी फुललेली पाहिली आहे.

या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तेथे चूक माझी आहे. ‘कारवी दर आठ वर्षांनी फुलते’ हे वाक्य मी असे लिहिले, की जणू सह्याद्रीतली सगळी कारवी एकाच पंचांगाने चालते. येऊर ज्याचा ठाण्याकडचा भाग आहे, त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये मोठा बहर आला. दुसऱ्या डोंगरावरच्या कारवीची आठ वर्षे मात्र दुसऱ्याच वर्षी भरतात, आणि एखाददुसरे झुडूप पाळी सोडूनही फुलते. आपण पाहिले ते खरेच आहे. मूळ लेखात ही दुरुस्ती करत आहे.

साफसफाईचा मुद्दा मात्र मला मान्य करता येत नाही. कारवी आयुष्यात एकदाच फुलते, फळ धरते आणि मरते; पण तिची बी त्याच वर्षी जमिनीवर पडत नाही. फुले ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, बोंडे हिवाळ्यात पिकून वाळतात आणि पुढच्या पावसापर्यंत मेलेल्या काडीवरच बंद राहतात. गेल्या रविवारी वाटेवर मोडून पडलेली अशी एक काडी मी उचलली. तिचा शेंडा हाताला चिकट लागला, वासही उग्र होता. त्यातले एक बोंड तळहातावर ठेवून त्यावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडले. काही वेळ काहीच झाले नाही. मग बारीक ‘टक्’ असा आवाज होऊन बोंड उभे तडकले आणि चपटी बी मनगटापलीकडे उडाली. पहिल्या सरीला डोंगरभर हेच होणार आहे. आज मे महिन्यात त्या काड्या तोडून ट्रकमध्ये भरल्या, तर कारवीची पुढची पिढीच आपण उचलून नेऊ, आणि जेथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो अशा उतारावर माती धरून ठेवलेल्या मुळ्याही उखडून टाकू.

आणखी एक गोष्ट रस्त्यावरून पाहताना लक्षात येत नाही. न फुललेली, जिवंत कारवीसुद्धा उन्हाळ्यात पाने टाकून अशीच मेल्यासारखी उभी असते आणि पावसात पुन्हा हिरवी होते. कोयता चालवणाऱ्याला या दोहोंत फरक करता येणार नाही.

वणव्याची आपली भीती रास्त आहे. मलाही ती वाटते, कारण आगीत बोंडेही जळतात. परंतु आपल्या जंगलांत वणवे बहुतेक माणसांच्या हातूनच लागतात. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर काढलेल्या जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे), उन्हाळ्यातली गस्त, आणि चुली पेटवणाऱ्या, सिगारेटी टाकणाऱ्या सहलींना आळा.

दाट कारवीखाली रोपांना ऊन मिळत नाही, हे निरीक्षण बरोबर आहे. म्हणूनच बहरानंतरचे हे एक-दोन पावसाळे मोलाचे आहेत. कारवी मरते तेव्हा वर्षानुवर्षे झाकलेल्या जमिनीवर ऊन पोहोचते, आणि ऐन, साग, कुंभा यांच्या रोपांना डोके वर काढायला वाव मिळतो. हे काम जंगल स्वतः करत असताना तेथे गिरिपुष्पासारखे मध्य अमेरिकेतून आलेले झाड कशासाठी आणायचे? ते झपाट्याने वाढते हे खरे, पण त्या वेगानेच ते या देशी रोपांची मोकळी झालेली जागा बळकावेल.

पाड्यांतली माणसे कारवी नेतात ते कसे चालते, असेही आपण विचारले आहे. कुडाच्या भिंतीसाठी लांब, सरळ काड्या निवडून, डोक्यावर मावेल एवढी मोळी नेणे आणि अख्खा उतार बोडका करणे यांत मला मूलभूत फरक दिसतो. पहिल्याने बियांचा साठा संपत नाही.

जुलैत आपण पुन्हा येऊरला गेलात, तर वाटेवरूनच त्या वाळक्या काड्यांच्या बुडाशी वाकून पाहावे. समोरासमोर जोडीने फुटलेली, करवतीसारख्या कडांची, हाताला खरखरीत लागणारी पाने दिसली, तर ती कारवीची नवी रोपे आहेत. त्यांना फूल येईल ते २०३२ मध्ये.