केळीच्या पानावरचा पांढरा पट्टा आणि फिरणारा मेसेज

रावेर-यावलकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "टिश्यू कल्चर केळीच्या पानावर पांढरा पट्टा दिसला, की समजा लॅबमध्ये परका जीन घातलाय. हा रोग बागभर पसरतो, घड विषारी होतो. झाड उपटा." चांगलं वाढतं झाड अशा मेसेजवर उपटलं जाऊ नये, म्हणून हे लिहितोय.

परका जीन? टिश्यू कल्चरमध्ये केळीचाच कोंब कापून वाढवतात. ग्रँड नैन या केळीच्या वाणात बाहेरचा जीन नाही. वाढीच्या टोकावरच्या एखाद्या पेशीची हरितद्रव्य बनवायची ताकद जाते आणि तिच्यापासून होणारी प्रत्येक पेशी पांढरी निघते. एकाच झाडात अशा दोन जातीच्या पेशी नांदल्या, की त्याला कायमेरा म्हणतात. वारंवार वाढवलेल्या रोपांत असे बदल जास्त दिसतात, हे खरं. तेवढ्यासाठी नर्सरीला जाब जरूर विचारा.

पान कसं घडतं, हे माणसाला अशाच झाडांनी शिकवलं. १९४० साली सटिना, ब्लेकस्ली आणि एव्हरी या शास्त्रज्ञांनी धोत्र्याला कोल्चिसिन हे रसायन देऊन वाढीच्या टोकाच्या एकेका थरातली गुणसूत्रं दुप्पट केली. त्या पेशी मोठ्या दिसतात, म्हणून त्यांचा माग काढता आला. थर तीन निघाले. सगळ्यात बाहेरचा पानाची साल बनवतो. पण आतली पेशी चुकून बाहेरच्या थरात आली, तर तीही साल बनते. पेशीचं काम तिची जागा ठरवते, कूळ नाही. आपल्या बागेतही हे वाचता येतं : पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, उलगडल्यावर पट्टा एकाच पानात असेल, तर बदल ते पान घडताना झाला, पानामागून पान येत असेल, तर तो टोकातच आहे.

पसरतो? पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून मातीत खोचा. फुटणारं रोप सहसा निव्वळ हिरवं येतं, कारण कोंब आतल्या हिरव्या पेशींतून निघतो. जे स्वतःच्या पानाच्या कोंबात उतरत नाही, ते शेजारच्या झाडात कुठून जाणार?

विष तर नाहीच. पांढरा भाग अन्न तयार करत नाही, इतकंच. तो फार असेल तर घड लहान राहतो.

हरण्या हा केळीचा विषाणूजन्य रोग मात्र वेगळा. त्यात फिकट पिवळ्या, तुटक, अस्पष्ट रेघा येतात, पान वेडंवाकडं होतं आणि मावा त्याचा विषाणू झाडोझाडी नेतो. ते झाड त्याच दिवशी कंदासकट काढा.