सैनिक तोच होता, मग निकाल का बदलला?

"अरबांना लढताच येत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, सहा दिवसांत धूळ चारली, इस्रायली लोक जन्मजातच लढवय्ये वगैरे, आणि दरवेळी माझं डोकं फिरतं, कारण असं बोलणारे सगळे १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धावर येऊन थांबतात, १९७३ च्या युद्धाचं नावच काढत नाहीत.

५ जून १९६७ ची सकाळ घ्या. कैरोत पावणेनऊ वाजलेले, पहाटेची गस्त संपवून इजिप्तची विमानं खाली उतरलेली, कितीतरी अधिकारी अजून घरून ड्युटीच्या वाटेवर. सेनेचा सर्वेसर्वा फील्ड मार्शल आमेर स्वतः विमानात बसून इस्रायलच्या सीमेलगतच्या सिनाई वाळवंटाकडे निघालेला, त्याचंच विमान चुकून पाडलं जाऊ नये म्हणून विमानविरोधी तोफांना फायर करू नका असा हुकूम. तिकडे जॉर्डनमध्ये अजलूनच्या रडारवर इस्रायली विमानं दिसली होती, त्यांनी ठरलेला सांकेतिक शब्द पाठवला सुद्धा, 'इनब', म्हणजे द्राक्षं. पण इजिप्तने आदल्याच दिवशी कोड बदललेला, त्यामुळे तो इशारा कैरोत कोणाला उलगडलाच नाही!! इस्रायलच्या हवाई हल्ल्यात दिवसभरात इजिप्तची जवळपास तीनशे विमानं गेली, बहुतेक सगळी जमिनीवर उभी असतानाच. यात सिनाईच्या वाळूत खंदकात बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराचा काय दोष, सांगा ना मला.

आमेर त्या खुर्चीवर होता कारण तो इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासरचा जिवलग दोस्त, १९५३ मध्ये मेजरचा थेट मेजर जनरल झालेला माणूस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याच सकाळी त्याने जॉर्डनकडे निरोप धाडला की हल्ला करणाऱ्यांची ७५ टक्के विमानं आम्ही पाडली. राजा हुसेनने विश्वास ठेवला, लढाईत उतरला आणि पूर्व जेरुसलेम आणि वेस्ट बँक गमावून बसला. दुसऱ्या दिवशी आमेरने धड प्लॅन नसताना माघारीचा हुकूम सोडला आणि सिनाईतल्या खिंडींमध्ये गाड्यांच्या रांगा वरून भाजून निघाल्या. इस्रायलकडे जन्मजात वगैरे काही नव्हतं, त्यांच्या ग्राउंड क्रूने परत आलेलं विमान दहा मिनिटांच्या आत पुन्हा उडवायची प्रॅक्टिस केली होती आणि खालच्या अधिकाऱ्याला जागेवर निर्णय घ्यायची मुभा होती, बस.

आता सहा वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९७३. इजिप्तला सुएझ कालवा ओलांडून इस्रायलने घेतलेल्या सिनाईत घुसायचं होतं. कालव्याच्या पलीकडच्या काठावर इस्रायलने वाळूचा बांध उभा केलेला, काही ठिकाणी वीस मीटर उंच, आणि तो फोडायला वेळ लागेल तोवर आपले रणगाडे पोचतील असा हिशोब. पण एक इजिप्शियन इंजिनियर होता, नाव बाकी झकी युसुफ, आस्वानच्या धरणावर काम केलेला, त्याने पाहिलं होतं की वाळू पाण्याच्या जोराने वाहून जाते. म्हणून पंप आणले, कालव्याचंच पाणी त्याच बांधावर मारलं आणि काही तासांत वाटा पडायला लागल्या. इजिप्तच्या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ साद अल शाझलीने प्रत्येक तुकडीकडून आपापलं काम पुन्हा पुन्हा घोटून घेतलेलं. दोन दिवसांनी इस्रायलचे रणगाडे पुरेशा पायदळाशिवाय धावत आले आणि इजिप्तच्या पायदळाने रणगाडाविरोधी सॅगर क्षेपणास्त्रांनी ते टिपले. हाच तो "लढता न येणारा" सैनिक.

आणि या वेळी आंधळे कोण होते? २५ सप्टेंबरला राजा हुसेन स्वतः येऊन इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयरना धोका सांगून गेला तरी इस्रायली गुप्तचरांचं पालुपद तेच, अरब एवढ्यात हल्ला करणार नाहीत. वरच्याला नको असलेली बातमी जिथे वर पोचत नाही तिथे मार बसतो, मग झेंडा कुठलाही असो, माझं ठाम मत आहे. अमेरिकेची शस्त्रं, रशियाची शस्त्रं हेही महत्त्वाचं आहेच, पण शस्त्रं दोघांकडेही होती.

पुढे परत तेच झालं. सोबत लढणाऱ्या सीरियावरचा दबाव कमी करायला इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष सादातने पुढे सरकायचा हुकूम दिला, शाझली म्हणत होता आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर जाऊ नका, कोणी ऐकलं नाही. १४ ऑक्टोबरला एका दिवसात इजिप्तचे जवळपास अडीचशे रणगाडे गेले. पुढच्याच रात्री इस्रायली जनरल शॅरनचे सैनिक देवरस्वार या ठिकाणाजवळ कालवा ओलांडून पलीकडे उतरले, शाझलीने पूर्वेकडचे रणगाडे मागे आणा म्हणून विनवलं तर सादात त्याच्यावरच भडकला, आणि इजिप्तची अख्खी थर्ड आर्मी वेढ्यात सापडली.

शाझलीला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पदावरून काढलं. नंतर तो परदेशात राहिला आणि १९९२ मध्ये मायदेशी परतला तेव्हा, ज्याने ती सेना कालव्यापार नेली त्यालाच, तुरुंगात टाकलं.