सीडी४चा आकडा आणि गोळ्या सोडण्याचा प्रश्न

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या दादाचा सीडी४ (रक्तातल्या, रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या टी पेशींचा आकडा) सातशेच्या वर गेलाय, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) रिपोर्टमध्ये सापडत नाही, आणि तरीही 'टी पेशी कायमच्या बदलतात' असं लिहून मी लोकांना घाबरवतो. दर वेळी रजा टाकून, लोकलमधून धक्के खात गोळ्या आणायच्या. सहा महिने त्या थांबल्या तर काय बिघडलं, असं तुम्ही विचारता.

त्रास खरा आहे. पण त्या शेवटच्या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही.

सीडी४ तपासणी रक्तातल्या पेशी मोजते. त्यांच्या आत काय दडलंय, ते तिला दिसत नाही. एचआयव्ही टी पेशीत शिरतो, आपल्या आरएनएवरून (म्हणजे स्वतःच्या जनुकीय माहितीवरून) डीएनए बनवतो आणि तो थेट पेशीच्या डीएनएत जोडतो. अशा बहुतेक पेशी मरतात, पण काही स्मृतिपेशी (जुन्या रोगाची ओळख जपणाऱ्या पेशी) बनून शांत पडून राहतात. गोळ्या विषाणूला नव्या पेशींत पसरू देत नाहीत. आधीच जोडला गेलेला डीएनए काढणं त्यांच्या हातात नाही. स्मृतिपेशी वर्षानुवर्षं जगतात, विभागतात, आणि प्रत्येक विभागणीत विषाणूचा डीएनएही पुढे जातो. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. म्हणून गोळ्या थांबल्या की बहुतेकांत विषाणू काही आठवड्यांत रक्तात परततो.

आतड्यातल्या टी पेशींचा तर लागणीच्या पहिल्या आठवड्यांतच फडशा पडतो. तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, प्रतिकारशक्ती सतत भडकलेली राहते आणि लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या सीडी८ पेशी थकतात. उपचारांनी हे बरंच निवळतं, पूर्ण नाही. क्षयाविरुद्धच्या टी पेशीही लवकर घटतात; मुंबईत राहणाऱ्याने हे विसरू नये.

तुमचा प्रश्न प्रत्यक्ष तपासला गेलाय. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्मार्ट' चाचणीत सीडी४ ३५०च्या वर असलेल्यांच्या गोळ्या थांबवल्या आणि आकडा २५०च्या खाली आल्यावर पुन्हा सुरू केल्या. या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती कमी झाल्याचा फायदा घेणारे आजार) किंवा मृत्यूचं प्रमाण गोळ्या चालू ठेवलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे त्रासही वाढले. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

दादाचे रिपोर्ट उत्तम आहेत आणि ते गोळ्यांमुळेच आहेत. लोड असा दबलेला असेपर्यंत लैंगिक संबंधातून त्यांच्याकडून लागण होत नाही, हेही घरात सगळ्यांना कळू द्या.

फेऱ्यांचं म्हणाल, तर एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रातल्या) समुपदेशकांना सरळ विचारा. तब्येत स्थिर असलेल्यांना एका वेळी काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे, आणि घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून (मुख्य केंद्राला जोडलेल्या छोट्या केंद्रातून) त्या मिळतील का, तेही विचारा. उत्तर काय मिळालं ते इथे नक्की कळवा.