गरिबाला पाचशे दिले की ते आमिष कसं काय?

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय पेटलाय. झालं असं की जिल्ह्याच्या ठिकाणी एका मेडिकल कॉलेजात शुगर-बीपीच्या लोकांवर कसलासा अभ्यास सुरू होतोय, त्याच्या कागदाचा कोणीतरी फोटो काढून टाकला. खाली लिहिलेलं, दर भेटीला येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेल्या रोजीपोटी मिळून पाचशे रुपये. बस्स. रिटायर झालेल्या गुरुजींनी लगेच लिहिलं, "गरिबाच्या शरीराचा बाजार मांडला." मग हिंजवडीला असलेला आमच्याच गल्लीतला पोरगा, "आपल्या लोकांना गिनीपिग समजतात." मग दहा-बारा हात जोडलेले इमोजी, हात कशासाठी जोडले देव जाणे.

मी ग्रुपवर सहसा गप्प असतो. इकडे अमेरिकेतून, ओहायोतल्या कोलंबसमधून काही लिहिलं की "तिकडे बसून शिकवू नको बे" हे ठरलेलं. पण क्रोगर नावाच्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये बसून ते सगळं वाचत गेलो आणि डोकं सटकलं.

पाचशे रुपयांत शरीर विकलं जातं म्हणणाऱ्यांनी आधी हिशोब तर करावा. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 2025-26 ला 312 रुपये रोज होती. दवाखान्यात एकटं कोणी जात नाही, सोबत एक माणूस लागतंच, म्हणजे दोघांची रोजी गेली, जवळपास सव्वासहाशे. बायांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढंच बरं. सकाळची गाडी धरायची, उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग रिपोर्टसाठी बसा, डॉक्टर राऊंडला गेलेत म्हणून बसा, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर ऑटोवाला सांगेल तेवढे. याला बाजार म्हणता? यात तर घाटा आहे. गुरुजींचं पेन्शन एक तारखेला जमा होतं, त्यांचा एक दिवस दवाखान्यात गेला तर पेपर वाचायचा राहतो एवढंच, म्हणून त्यांना फुकटची सेवा थोर वाटते.

आणि त्या अभ्यासात फुकट काम कोण करतं हो? डॉक्टरला पगार, रक्त तपासणाऱ्या लॅबला पैसे, फॉर्म भरणाऱ्या पोरीला मानधन, कुलरवाल्यालासुद्धा भाडं. फक्त ज्याच्या दंडात सुई जाते त्यानेच तेवढं संत व्हायचं.

बरं, हे काही कोणी मनाने वाटत नाही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्राची संस्था, तिची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात आहे की प्रवासाचा खर्च, बुडालेली मजुरी, गैरसोय यापोटी पैसे देता येतात, फक्त रक्कम एवढी मोठी नको की माणूस धोक्याकडे काणाडोळा करून सही ठोकेल. किती द्यायचे, कसे द्यायचे हे एथिक्स कमिटी, म्हणजे अभ्यास नीतीला धरून आहे की नाही ते बघणारी समिती, तपासते, आणि त्या कमिटीत डॉक्टर-वकिलांसोबत एक साधा, वैद्यकातला नसलेला माणूस असावाच लागतो. गुरुजींसारख्यांनी खरं म्हणजे तिथे जाऊन बसायला पाहिजे. पण ते नाही, ग्रुपवर लिहिणं सोपं.

मी हे थोडंफार लिहिलं तर गुरुजींनी रक्तदानाचं काढलं. म्हणे रक्त विकणं आपल्या देशात बंद आहे, मग हे कसं चालतं? बंद आहे, खरं आहे, सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून. चांगलंच झालं, धंदेवाईक रक्तदात्यांमुळे एचआयव्ही आणि कावीळ पसरत होती. पण ते रक्त दुसऱ्याच्या अंगात चढवायचं असतं. इथे दोन ट्यूब तपासणीला जातात आणि मोबदला दिवसाचा आहे, रक्ताचा नाही. इकडे ओहायोत तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, घेणारे सेंटरवाले राजरोस पैसे देतात, आठवड्यातून दोनदा देता येतो, सेंटर कुठल्या वस्तीत असतात ते बघितलं की सगळं कळतं, नेहमी डॉलर जनरल या स्वस्तातल्या दुकानाच्या शेजारी. ते मला पण आवडत नाही. पण तो वेगळा विषय.

अभ्यासातल्या पैशाबद्दल मात्र इथल्या एफडीएचं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं म्हणणं मला पटतं. ते म्हणतात पैसे हा अभ्यासाचा फायदा म्हणून धरायचाच नाही, लोक यावेत म्हणून दिलेलं प्रोत्साहन आहे असं सरळ माना. आणि सगळे पैसे शेवटच्या भेटीपर्यंत अडकवून ठेवायचे नाहीत, जेवढा भाग घेतला तेवढे जमा होत गेले पाहिजेत. शेवटपर्यंत थांबलं तर छोटा बोनस चालतो, पण असा नको की त्रास होतोय तरी माणूस पैशासाठी दात खाऊन थांबेल. भांडायचं तर यावर भांडा ना. पैसे कधी मिळतात, मधेच सोडलं तर आधीचे मिळतात का. आमच्या वहिनी, म्हणजे चुलतभावाच्या बायको, मागे अशाच एका दुसऱ्या अभ्यासाला जात होत्या. दर वेळी व्हाउचरवर सही घेतली आणि पैसे सगळं उरकल्यावर कितीतरी महिन्यांनी खात्यात आले, तोवर आधार लिंक नाही, पासबुकची झेरॉक्स द्या, साहेब रजेवर आहेत. यावर ग्रुपवर एक अक्षर नाही. पैसे देणं अनैतिक म्हणायला सगळे पुढे, वेळेवर न देणं अनैतिक म्हणणारा एक नाही.

हिंजवडीवाल्याने मग लिंकांचा पाऊस पाडला. लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल, मार्च 2006, नवीन औषध टोचलेले सहा तरुण पार आयसीयूत, प्रत्येकाला दोन हजार पौंड कबूल केले होते. 2017 ला तेलंगणात करीमनगरकडच्या मजूर पोरांच्या बातम्या, एका चाचणीतून निघून दुसरीत. भोपाळ, जानेवारी 2021, कोविडच्या लसीची चाचणी, वस्तीतल्या लोकांनी पत्रकारांना सांगितलं की साडेसातशे रुपये दिले पण ही चाचणी आहे हे कोणी नीट सांगितलं नाही. सगळ्या बातम्या खऱ्या आहेत, मी वाचलेल्या आहेत. पण भोपाळचे साडेसातशे काढून घेतले असते तर ते बरोबर झालं असतं का? गुन्हा न सांगण्याचा आहे. उलट पैसे नाही दिले तर लोक येणार म्हणजे कोण, तर ज्याला तेवढीच मोफत तपासणी, मोफत गोळ्या मिळतात तो, म्हणजे परत गरीबच, फक्त आता फुकटात.

एका माणसाला मात्र मला नीट उत्तर देता आलं नाही, आमच्या गावच्या आशाताई. त्यांनी गडचिरोलीचं लिहिलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांच्या आजारांचा अभ्यास, 1989 ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आला, साडेसहाशे बाया तपासल्या आणि 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. ताईंनी लिहिलं, "त्या बाया कायच्या भरवशावर आल्या असतील भाऊ? ज्या गोष्टी नवऱ्यालेही सांगत नाही त्या दाखवाले आल्या. पाचशेच्या नोटेनं हे होते का?" नाही होत. मी लिहिलं की भरवसा आणि भाडं यांचं भांडण नाही, दोन्ही देता येतात. त्यांनी नुसता अंगठा टाकला. तो अंगठा मला काही चांगला वाटला नाही.

आता मी एवढा तावातावाने का लिहितोय ते पण सांगून टाकतो. मी स्वतः असे पैसे घेतले आहेत. मास्टर्सला होतो तेव्हा, रेंट भरायचं होतं, आणि लायब्ररीच्या बोर्डावर कागद लावलेला, डायबेटिसच्या अभ्यासासाठी दक्षिण आशियाई वंशाचे निरोगी लोक पाहिजेत. या देशात आल्यावर माझं आपल्या बाजूचं असणं पहिल्यांदा कुठेतरी उपयोगी पडत होतं. रात्रीपासून उपाशी, सकाळी आरामखुर्चीत बसवून हातात कॅन्युला, म्हणजे रक्त काढायची नळी, मग 75 ग्रॅम ग्लुकोजचं ते संत्र्याच्या चवीचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं, नागपूरच्या माणसाला संत्र्याच्या नावाखाली ते पाजणं हाच खरा अत्याचार, आणि मग दर अर्ध्या तासाला रक्त. ट्यूबवर नाव नाही, नुसता नंबर. शेवटी ग्रॅहम क्रॅकरची बिस्किटं आणि सफरचंदाचा ज्यूस. शेजारच्या खुर्चीत एक काळे आजोबा दुसऱ्या कुठल्या अभ्यासाला यायचे, नोकरी गेलेली, शहरात अभ्यासाच्या कोणत्या युनिटमध्ये जेवण चांगलं मिळतं ते तोंडपाठ. त्यांच्या कार्डावर त्याच संध्याकाळी शंभर डॉलर पडायचे. माझे शंभर पेरोल ऑफिसला जायचे, मी नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे टॅक्सच्या हिशोबात परदेशी, म्हणून त्यातले तीस टक्के टॅक्सपोटी कापायचे आणि सत्तरचा चेक कधीतरी मेलबॉक्समध्ये यायचा. रक्त दोघांचं सारखंच काढलं होतं. मी इथला नाही हे व्हिसाच्या रांगेत जेवढं लागलं नाही तेवढं त्या चेकच्या पावतीवर लागलं.

घरी कधी सांगितलं नाही. बाबांना सांगितलं प्रोजेक्टचे पैसे आले. पाच एकर कोरडवाहू, माझ्या लोनला जामीन राहिलेला बाप, त्याला काय सांगणार की पोरगा रक्त देऊन भाडं भरतोय. त्यामुळे गुरुजींनी "शरीराचा बाजार" लिहिलं तेव्हा ते अभ्यासवाल्यांना लिहिलं होतं, पण वाचताना ते मलाच लिहिलंय असं वाटलं. ज्या गुरुजींनी मला पाढे शिकवले त्यांनी.

मला आमिष होतं का? होतं ना. पैसे नसते तर मी झोपून राहिलो असतो. पण म्हणून काही डोळे झाकून सही केली नाही, अख्खा फॉर्म वाचला. त्यात एक वाक्य होतं की अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मिळतील, पण त्याचं बिल तुमच्या इन्शुरन्सला किंवा तुम्हाला लागेल, भरपाईची काही तरतूद नाही. अमेरिकेत असं चालतं, भरपाई दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदा नाही, आहे की नाही ते फॉर्मवर सांगितलं म्हणजे झालं. आणि आपल्याकडे? 2019 च्या नियमांनी औषधांच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार द्यावेच लागतात, मृत्यू किंवा कायमचं नुकसान झालं तर वय आणि धोका बघून भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे, त्यात आठ लाखांचा आकडा आधारभूत धरलाय. म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, कागदावर तरी. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. हिंजवडीवाल्याने लगेच "बघा, तिकडे तर काहीच नाही" म्हणून मलाच धुतलं असतं. आणि हो, ते वाक्य वाचून, समजून मी सही केली. कोणी म्हणेल म्हणजे गुरुजींचं थोडं खरंच आहे. म्हणू दे.

रविवारी वहिनींना फोन केला. त्यांना शुगर आहे, त्यांनाही तो कागद आलाय. मी इकडून मोठं लेक्चर सुरू केलं, की फॉर्म मराठीत मागा, घरी आणून वाचा, मधेच सोडायचा हक्क आहे, सोडल्यावर आधीचे पैसे मिळतात का ते विचारा, काही झालं तर उपचार कोण करणार ते लिहून घ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते पाचशे त्याच दिवशी भेटते का मागच्यासारखं मांगं लागा लागते?" मी म्हटलं ते तिथेच विचारा. "तुम्ही एवढे शिकले, तुम्हालेही माहीत नाही?" मग विचारलं, ग्रुपवर गुरुजी म्हणतात ते वाचलं का. वाचलं म्हणाल्या, गुरुजीले काय काम आहे.

जाणार का मग?

"पाहू न. आता निंदण झालं, हात रिकामा आहे तं जाईन दोन-तीन खेपा. एकदा वेचणी सुरू झाली तं पाचशेत मी नाही जात बाप्पा, दिवसाचा कापूस जास्त पडते. तेव्हा त्याईले म्हणा सातशे द्या."